वरच्या मजल्याचे निरोप

आमचे बाबा आणि वरच्या मजल्यावरचे काका, सख्खे भाऊ, एकमेकांशी बोलत नसत. याला आम्ही भांडण म्हणत नव्हतो. भांडण पेटतं, दमतं आणि मिटतं. हा अबोला होता. अबोला धरावा लागतो, उपासासारखा, आणि सोडायलाही काही निमित्त लागतं. त्या दोघांना ते सापडलं नाही. माझी शाळा झाली, कॉलेज झालं, नोकरी लागली, केस पांढरे व्हायला लागले, तरी अबोला आपला जागच्या जागी. घरातल्या जुन्या कपाटासारखा तो आम्हाला दिसेनासा झाला होता.

भांडुपला डोंगराच्या बाजूला आमची बिल्डिंग आहे. लिफ्ट नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, काका तिसऱ्यावर, बरोबर आमच्या डोक्यावर. काकांनी लग्न केलं नाही, त्यामुळे त्यांचं जेवण आमच्याच घरून जायचं. दोघे भाऊ एकाच कुकरमधला भात खात, एकाच टाकीचं पाणी पीत, आणि मधे आई. आई ताट झाकून वर न्यायची, ताटाबरोबर बाबांचा निरोप न्यायची. येताना रिकामं ताट आणायची आणि त्याबरोबर काकांचा.

अबोल्याचं कारण ऐकाल तर हसाल. गावचं घर नव्याने बांधलं तेव्हा काकांनी दार विहिरीकडे ठेवलं. बाबांना ते रस्त्याकडे हवं होतं. दाराचं काही नाही गं, बाबा म्हणत, मला विचारलं नाही. काका म्हणत, विचारलं असतं तर नाही म्हणाला असता. दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळे मिटायचा प्रश्नच आला नाही.

आई साताऱ्याकडची. सिंधुदुर्गातल्या माणसाशी लग्न करून ती मुंबईत आली, आणि घरात बोली ठेवायची कोणाची हा प्रश्न आला तेव्हा कोणाचीच नको म्हणून मुंबईची ठेवली. मालवणी बोलायचे ते फक्त काका. माझ्याशीही मालवणीतच बोलायचे आणि मी त्यांना आपल्या मराठीत उत्तर द्यायचे. आमचं झकास जमायचं.

माझं काम सांगायला सोपं, करायला किचकट. अंधेरीच्या एका ऑफिसात आम्ही समुद्राच्या लाटांचा अंदाज काढतो. बंदरवाल्यांना, बोटवाल्यांना तो लागतो. अख्खा समुद्र एका कॉम्प्युटरला झेपत नाही, म्हणून त्याचे चौकोन पाडायचे आणि एकेक चौकोन एकेका कॉम्प्युटरला द्यायचा. ज्याने त्याने आपल्या चौकोनातलं पाणी बघायचं. पण पाणी कुठे चौकोनात राहतं? लाट या घरातून त्या घरात जाते. म्हणून कडेला काय चाललंय ते शेजाऱ्याला सतत कळवावं लागतं, की माझ्याकडून एवढं पाणी येतंय, तुझ्याकडचं सांग. या कळवाकळवीसाठी एक लायब्ररी असते. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या आयत्या प्रोग्रामची. आमची लायब्ररी एकच काम करते. निरोप नेते आणि आणते.

अशा कामाच्या दोन पद्धती असतात. एक चाळीची. सगळ्यांची दारं उघडी, कोणाकडे काय शिजतंय ते सगळ्यांना माहीत, सांगावं लागतच नाही. दुसरी ब्लॉकवाल्यांची. दार बंद, आतलं आत, काही हवं असेल तर निरोप पाठवा. आमचा प्रोग्राम ब्लॉकवाल्यांपैकी.

मी भांडुपहून बसने जाते. बस पवईच्या तलावाकडे वळली की माझे डोळे मिटतात, ही माझी जुनी सवय. अर्धवट झोपेत मला आमचीच बिल्डिंग दिसायची, पण प्रत्येक खोलीत गुडघाभर पाणी. कोणी घाबरलेलं नसायचं. भाजीवाली भाजी घेऊन पाण्यातून चालायची, बाबा खुर्चीवर पाय वर घेऊन पेपर वाचायचे. एका खोलीतली लाट भिंतीपाशी यायची, थांबायची, भिंत हळूच बाजूला व्हायची, आणि लाट पुढच्या खोलीत जायची. जिन्यात आई उभी असायची, पदर खोचून, दोन्ही हातांत पाणी धरून. मग कंडक्टर ओरडायचा आणि मी थेट अंधेरीत. ते स्वप्न मला फार आवडायचं. मी त्यासाठी खिडकीची जागा धरायचे.

काय करतेस गं तिथे दिवसभर, असं आईने एकदा विचारलं तेव्हा मी तिला हे सगळं सांगितलं. तिने मेथी निवडता निवडता ऐकून घेतलं.

“मग माझंच काम करतेस की,” ती म्हणाली. “पगार तेवढा तुला.”

निरोप कसा द्यावा, कसा घ्यावा याचा एक जाडजूड नियमग्रंथ आहे. त्याला स्टँडर्ड म्हणतात. देशोदेशीची माणसं बसून तो ठरवतात आणि लायब्ररी तो पाळते. त्याची नवी आवृत्ती येते तेव्हा काही जुन्या सोयी डेप्रिकेटेड ठरतात. या शब्दाला मराठीत नेमका शब्द मला सापडला नाही. कालबाह्य म्हणावं तर ती सोय अजून चालत असते. रद्द म्हणावं तर कोणी रद्द केलेली नसते. अर्थ एवढाच की आहे, चालेल, जुन्यांनी वापरली तर हरकत नाही, पण नव्याने कोणी तिच्या नादी लागू नये. पुढेमागे काढून टाकू. आणि मग काही वर्षांनी एखाद्या आवृत्तीत खरंच काढून टाकतात.

“म्हणजे सासूबाई,” आई म्हणाली. “घरात आहेत, पाया पडा, पण आमटीत काय घालायचं ते विचारू नका.”

“आणि काढून टाकलं म्हणजे?”

“म्हणजे फोटो.”

मी इतकी हसले की बाबांनी पेपर खाली केला. काय झालं, त्यांनी विचारलं. आई म्हणाली, काही नाही, तुमच्या आईचा विषय चाललाय.

आमचा समुद्राचा प्रोग्राम माझ्या आधीच्या कोणीतरी लिहिलेला. त्यात डेप्रिकेटेड सोयींची नुसती जत्रा होती. दर वेळी तो नव्याने तयार करताना इशाऱ्यांच्या ओळी धडाधड पडद्यावरून जायच्या. हे वापरू नका, ते वापरू नका. त्या आम्ही कोणी वाचत नव्हतो. चालतंय ना, मग कशाला हात लावा, हा आमच्या धंद्यातला धर्म आहे. लागलेली झोप मोडू नये तसं.

त्याच सुमाराला आईने इशारा दिला. तिचे गुडघे कुरकुरायला लागले होते. एका सकाळी चहाचा कप बाबांपुढे ठेवत ती म्हणाली, “गणपती होईपर्यंत मी निरोप नेईन. मग नाही. तुमचं तुम्ही बघा.”

“बरं,” बाबा म्हणाले. ते सगळ्यालाच बरं म्हणतात.

तिने वर जाऊन हेच काकांना सांगितलं. ते म्हणाले, “बरा.” नंतरही ती अधूनमधून आठवण करत राहिली. भांडी घासताना, गादी घालताना, सहज, आवाज न चढवता. गणपती होईपर्यंत हां. आम्ही तिघांनीही तो इशारा ऑफिसातल्या इशाऱ्यांसारखाच ऐकला.

मला मात्र आतून बरंच वाटलं होतं. आईने सोडलं तर दोघांना बोलावंच लागेल, असा माझा सरळ हिशेब. एका रविवारी दुपारी ती गॅलरीत बसून गुडघ्यांना तेल चोळत होती. समोर डोंगर, त्यावर हिरवा झोपाळू उजेड, घारी फिरत होत्या. मी म्हणाले, “बरं झालं ना. आता बोलतील थेट.”

तिचा हात थांबला. “नको गं.”

“का?”

“मी पकडली जाईन.”

आणि मग तिने सांगितलं. सुरुवातीला ती निरोप जसाच्या तसा न्यायची. त्यातून आगच लागायची, म्हणून ती टोकं मोडायला लागली. सांग त्याला, पाण्याचा नळ नीट बंद कर, असं बाबा डाफरले की ती वर जाऊन म्हणायची, नळाचं वायसर गेलंय का बघायला सांगितलंय, अडचण होईल तुम्हाला. इथवर मला ठाऊक होतं. पुढचं नव्हतं. हळूहळू दोन्हीकडून काही येईनासंच झालं. बाबा काही सांगेनात, काका काही विचारेनात.

“रिकाम्या हाताने जिना चढायचा कसा?” आई म्हणाली. “मग मीच घालायला लागले. यांनी विचारलंय, खोकला बरा आहे का. भावजींनी सांगितलंय, उन्हातनं फिरू नका. दोघांनाही बरं वाटायचं गं. तोंडावरनं कळतं. आता दोघं समोरासमोर बसले, आणि एक म्हणाला तू असं म्हणाला होतास, आणि दुसरा म्हणाला मी? कधी? मग काय? सगळंच खोटं ठरलं. जे खरे होते ते निरोपसुद्धा.”

निरोप नेते म्हणून मी जिला ओळखत होते, ती इतकी वर्षं निरोप रचत होती. मला तिचा अभिमान वाटला आणि भीतीही वाटली, कारण तिची भीती खरी होती. बाबा खोटेपणावरून माणूस तोडतात. एका मित्राला त्यांनी एवढ्याशा थापेवरून दारात उभं केलं नव्हतं.

“मग तुला हवंय तरी काय?” मी विचारलं.

“मला खाली बसायचंय,” ती म्हणाली आणि पुन्हा तेल चोळायला लागली.

गणपती गेले आणि आईने खरंच बंद केलं. ताटाऐवजी काकांचा डबा माझ्याकडे आला, आणि त्याबरोबर अट. डबा ने, निरोप नको. तू सुरू केलंस तर तुझे गुडघे जाईपर्यंत सुटका नाही, ती म्हणाली.

बाबांची पहिल्या आठवड्यात फार मजा झाली. ते हवेत बोलायचे. “वर पाणी आलं की नाही कोण जाणे.” आई लसूण सोलत बसायची. “आज वर लवकर दिवे मालवलेले दिसले.” आई टीव्हीचा आवाज वाढवायची. मग ते माझ्याकडे बघायचे आणि मी चप्पल शोधायचे. वर काका डबा हातात घेऊन दारातच उभे राहायचे.

“खाली काय म्हणतत?”

“काही नाही, काका.”

“बरा,” म्हणून ते दार लावून घ्यायचे. माझी मजा तिथेच संपायची. दोन म्हातारे एकाच छपराखाली कान देऊन बसलेत आणि कोणाकडूनच काही येत नाही, हे बघवत नव्हतं.

ऑफिसात त्याच दिवसांत नवी मशिन्स आली आणि त्यांच्यावर लायब्ररीची नवी आवृत्ती. आमचा प्रोग्राम तिच्यावर तयारच होईना. इतकी वर्षं नुसत्या डेप्रिकेटेड असलेल्या सोयी आता खरोखर काढल्या होत्या. पण लायब्ररी मोठी सभ्य. प्रत्येक ठिकाणी अडवून सांगायची, की हे आता नाही, त्याऐवजी अमुक वापरा.

आमचा टीम लीड बोरिवलीचा, स्वभावाने मोकळा. तो म्हणाला, “कशाला डोकं लावतेस यार? लायब्ररी बांधताना जुनं चालू ठेवायची सोय आहे ना. ती लाव आणि घरी जा.”

अशी सोय होती खरी. तिच्यामुळे काढलेलं सगळं काही दिवस परत येतं. पण माझं डोकं फिरलेलं होतं. “आणि पुढच्या आवृत्तीत ती सोयच काढली तर?” मी म्हणाले. “आज ना उद्या शिकायचंच आहे ना?”

“घरी काय झालंय का?” त्याने विचारलं. मी कीबोर्ड पुढे ओढला.

मी एकेक जुनी सोय काढून तिच्या जागी नवी बसवली. शांत काम होतं ते. गहू निवडल्यासारखं. प्रोग्राम तयार झाला, एकही इशारा नाही, आणि आम्ही तो चालवला. तो अडकला. पडला असता तरी चाललं असतं, पडलेला प्रोग्राम निदान ओरडतो, कुठे लागलं ते सांगतो. हा नुसता गप्प. सगळी मशिन्स तापलेली, पंखे घोंघावतायत, आणि समुद्र हलत नाही.

“वाट लागली,” लीड म्हणाला.

बऱ्याच शोधाने कळलं की प्रत्येक चौकोन शेजाऱ्यापुढे निरोप धरून उभा होता. आधी माझा घे, मग मी तुझा घेतो. शेजारीही नेमकं तेच म्हणत होता. दोघेही देणारे, घेणारा कोणी नाही, आणि दोघेही नियमाने वागत असल्याच्या थाटात जन्मभर उभे राहायला तयार. मग आजवर चाललं कसं? तर जुनी लायब्ररी असे छोटे निरोप गुपचूप आपल्या खिशात ठेवायची. देणाऱ्याला म्हणायची, पोचला समज, तू मोकळा हो. घेणारा रिकामा झाला की त्याच्या हातात ठेवायची. नव्या आवृत्तीचा खिसा आमच्या निरोपांना पुरत नव्हता. आणि स्टँडर्डात तर पहिल्यापासून लिहिलेलं होतं, की लायब्ररी निरोप खिशात ठेवेल किंवा ठेवणार नाही, तिच्या भरवशावर राहू नका.

म्हणजे आमचा प्रोग्राम कधी बरोबर नव्हताच. मधे कोणीतरी सांभाळून घेत होतं म्हणून तो बरोबर दिसत होता. खुर्चीवर बसल्या बसल्या मला आई आठवली आणि रडूच आलं. लीड घाबरला. “अगं होईल यार, प्रोग्राम आहे, माणूस नाही मेला,” असं म्हणत तो माझ्यासाठी चहा घेऊन आला.

उपाय जुनाच होता. देणं आणि घेणं एकाच हाकेत करायची एक सोय आहे. तिच्यात आधी कोण, नंतर कोण हा मानपान राहत नाही. दोघांनी एकदम द्यायचं, एकदम घ्यायचं. ही सोय इतक्या आवृत्त्यांत कधी डेप्रिकेटेड झालेली नाही. मी ती बसवली आणि समुद्र हलला. पडद्यावर निळ्या रेषा एका चौकोनातून दुसऱ्यात सरकायला लागल्या. मी बराच वेळ नुसती बघत राहिले. घरच्या दोघांसाठी असं काही कुठे मिळतं, हा विचार डोक्यातून जाईना.

दिवाळीच्या तोंडावर काकांनी डबा घेताना मला सांगितलं, “दिवाळी झाली की मी गावाक जातंय. कायमचो.”

मी विचारलं, “बाबांना सांगू?”

“तू डबो आणतंस,” ते म्हणाले. “निरोप नाय.” आईची अट त्यांनाही पाठ होती.

मी गप्प राहिले. पण छप्पर गप्प राहिलं नाही. दोन दिवसांनी वरून ट्रंक ओढल्याचा आवाज आला, मग खाट सरकवल्याचा. बाबांनी मान वर केली. “काय चाललंय वर?”

“वर जाऊन विचारा,” आई म्हणाली.

ते उठले नाहीत. पेपर तसाच हातात, वर बघत बसले. आईला ते पाहवलं नाही. “भावजी गावी चाललेत. कायमचे,” ती म्हणाली. आणि लगेच, “हा निरोप नाही हां. बातमी आहे.”

बाबा गॅलरीत जाऊन उभे राहिले. पाठ आमच्याकडे. मग तिथूनच म्हणाले, “सांगायचं तरी.”

त्या दिवसापासून आईची झोप उडाली. अबोला तसाच ठेवून भाऊ निघून गेला तर बाबा मनातून खचणार, हे तिला दिसत होतं. आणि जाताना दोघे बोलले तर आपलं सगळं उघडं पडणार, हेही दिसत होतं. फराळ करताना तिची चकली तुटायची. ती कधी तुटत नसे.

काका निघाले ती सकाळ छान होती. डोंगरावर धुकं, खाली टेम्पोत ट्रंक आणि खाट चढलेली. आमचं दार एरवी बंद असतं. बाबा त्या दाराकडे तोंड करून खुर्चीवर बसले होते, पेपर उलटा होता. जिन्यात काकांची पावलं वाजली. आई दारापाशी गेली. कडीवर हात ठेवून उभी राहिली. दार बंदच राहिलं असतं तर काका खाली उतरून गेले असते, आणि तिचे निरोप सगळे सुखरूप राहिले असते. तिने माझ्याकडे बघितलं. “पकडली गेले तर गेले,” असं पुटपुटली आणि दार सताड उघडलं.

काका आमच्या मजल्यावर येऊन थांबले. हातात पिशवी. बाबा खुर्चीवरून उठून उभे राहिले. मधे उंबरठा. दोघेही वाट बघत होते, आणि ती वाट बघण्याची तऱ्हा मी चांगली ओळखत होते. मी काहीतरी बोलणार होते, तर आईने माझं मनगट धरलं.

मग दोघे एकदम बोलले. बाबा म्हणाले, “गाडी कधीची?” आणि त्याच क्षणी काका म्हणाले, “तब्येत बरी मा?” दोघेही थबकले. पुन्हा दोघांनी एकदमच तोंड उघडलं, एकदमच मिटलं, आणि बाबांना फस्सकन हसू आलं.

“बस मरे,” बाबा म्हणाले. “चाय घे.”

मी बाबांकडे बघतच राहिले. त्यांना मालवणी येते हे मला ठाऊक होतं, पण त्यांच्या तोंडून मी ती कधी ऐकली नव्हती. आवाजच वेगळा होता तो, कमी वयाच्या माणसाचा. ज्या एका माणसाशी मालवणी बोलायची त्याच्याशीच बोलणं नव्हतं, तर ती ठेवली कुठे होती त्यांनी?

काका बसले नाहीत, दारातच उभ्याने चहा प्यायले. गाडी कधीची, गावी पाऊस किती झाला, वहाळाला पाणी आहे का, एवढंच बोलणं. काकांनी कप खाली ठेवला. तेव्हा बाबा म्हणाले, “माझा पोटाचा ऑपरेशन झाला, तेव्हा तू रोज इचारी होतंस. ही माका सांगी होती. माका बरा वाटला.”

आईचा हात माझ्या मनगटावर घट्ट झाला. तिचा चेहरा बघून मला कळलं, काकांनी काही विचारलेलं नव्हतं. काकांनी आईकडे पाहिलं. ती खाली लादीकडे बघत होती. मला वाटलं, संपलं आता सगळं.

काका म्हणाले, “इचारूक नको? भाव असस माझो.”

मग ते वाकून बाबांच्या पाया पडले, आईच्या पडले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. “येतंय,” म्हणाले आणि उतरले. बाबा गॅलरीत जाऊन टेम्पो वळेपर्यंत उभे होते.

आई पलंगावर बसली होती. बाबा आत आले तशी ती म्हणाली, “अहो, ते ऑपरेशनच्या वेळचं…”

“त्याने विचारलं नव्हतं,” बाबा म्हणाले. “माहीत आहे मला.”

“कधीपासून?”

“तू वरून निरोप आणायचीस, जिवाला जपा म्हणून. आमच्या घराण्यात कोणी कोणाला जिवाला जपा म्हटलेलं नाही गं. ते तुमच्या साताऱ्याकडचं.” ते खुर्चीवर बसले, पेपर सुलटा केला. “पण कानाला बरं लागायचं.”

आईने डोळे पुसले. “मग त्यांना तसं म्हणालात कशाला? विचारत होतास म्हणून?”

बाबांनी मान मागे टाकली. वर छताकडे बघितलं. तिथे आता काहीच वाजत नव्हतं.

“एकटा राहणार तो तिकडे,” ते म्हणाले. “आपण भावाची विचारपूस केली होती, एवढं त्याच्याजवळ असू दे.”